स्तान्या

सातवीच्या वर्गात मास्तरांनी स्वतःच्याच मुलाला उभं केलं. "इतक्या देशांच्या नावाच्या शेवटी 'स्तान' का येतं रे?"

पोराला येईना. मास्तरांनी त्याला तास संपेपर्यंत नकाशाला नाक टेकवून उभं ठेवलं आणि वर्गाला सांगितलं, "स्तान म्हणजे ठिकाण. आपल्या 'स्थान'चा सख्खा भाऊ. आधी लोकांचं नाव, मग त्यांचं ठिकाण, की झाला देश. आणि हा आमचा स्तान्या!" वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले.

नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नात मित्रांनी त्याच नावाने हाका मारल्या. पुढे त्याने चष्म्याचं दुकान काढलं, तर तेही स्तान्याचं दुकान झालं.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मास्तर अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. "बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाले. "सोपे प्रश्न विचारा."

मुलाने एकच प्रश्न निवडला.

दुपारी दुकानातून घरी आला की तो सूपची वाटी घेऊन पलंगाशी बसायचा. चमचा ओठांपासून वीतभर लांब धरायचा. "सांगा बाबा, शेवटी स्तान का येतं?"

"स्... स्..." लाळ गळ्यापर्यंत ओघळायची.

"चूक. उभे राहा."

सून खिडकी लावून घ्यायची. "अहो, हळू. शेजारी ऐकतील."

एका दुपारी मोठी बहीण आली आणि तिने हे पाहिलं. "अरे, जनाची नाही तर मनाची तरी!"

"तुला कुणी स्तान्या म्हणतं का, ताई?"

लहानपणी तिनेही त्याला रडेपर्यंत चिडवलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी यायला लागली. बाबांसमोर आरसा धरायची, जीभ कुठे लावायची ते दाखवायची, एकच शब्द घोटून घ्यायची. तीन आठवड्यांनी पहिलं अक्षर आलं तेव्हा दोघंही रडली.

मग एका दुपारी मुलाने प्रश्न विचारला आणि मास्तरांनी मान ताठ केली. "ठि... काण."

चमचा हवेतच राहिला. ताई त्या दिवशी मुद्दाम थांबून दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी तोंड उघडलं, चिमणीच्या पिल्लासारखं, आणि वाट पाहिली.

"बरोबर," मुलगा म्हणाला. मग जरा विचार करून, "आता सांगा, काही देशांच्या शेवटी 'लँड' का येतं?"

"अरे!" ताई ओरडली.

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ओठ मिटून घेतले. ताईने वाटी हिसकावून घेतली, चमचा ओठांना लावला, गयावया केली. सूप हनुवटीवरून उशीवर सांडलं. ओठ उघडले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी ते गेले.