दोष सांगून विकलेली गाडी

मी गाडीखाली उताणा पडून सायलेन्सर तारेनं आवळत होतो आणि वर मायलेकांची जुंपली होती. मला दोघांचे फक्त पाय दिसत होते. वहिनीचे पाय मातीनं माखलेले, टाचांना भेगा. पोराचे बूट मात्र असे चकचकीत, की शेतातल्या माणसानं बघूनच लाजावं.

"काका, तार वाया घालवू नका," पोरगा वाकून म्हणाला. "सोमवारी ही गाडी शोरूममध्ये द्यायची. जुनी देऊन नवी घेतोय मी. बोलणं झालंय."

"भावजी, तुम्ही आवळा," वहिनी म्हणाली. "गाडी कुठं जात नाही."

"आई, अठरा वर्षं झाली त्या डबड्याला! रस्त्यात बंद पडतं, लोक मला हसतात."

"लोक तुला डबड्यामुळं हसत नाहीत."

मला खाली हसू फुटलं आणि गंजाची भुकटी डोळ्यात गेली. पोराला ते ऐकू गेलं. "हसा हसा. तुमचं काय, ही मोडली की तुमचं दुकान चालतं!"

मी सरपटत बाहेर आलो. पाना हातातच होता, तो मी मुद्दाम त्याच्या बुटापाशी आपटला. मी गावचा वेल्डर. नांगर, गेट, पंप, जे तुटेल ते जोडतो. पण ह्या गाडीचं काम मी कधी धंदा म्हणून केलं नाही. तिचा मालक, म्हणजे वहिनीचा नवरा, माझा जिवाचा दोस्त. तो गेला त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून वहिनी गाडी चालवते आणि मी ती चालती ठेवतो. तळाला पत्रा मी मारला. दाराची कडी ट्रॅक्टरच्या पेटीची. रेडिएटर गळायचा, तो दोनदा झाळला. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा पाण्याच्या पंपाचा कापून बसवला होता.

वहिनी रोपं करते. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी. मागची सीट काढून तिथं फळ्या ठोकल्यात, फळ्यांवर रोपांचे ट्रे. आठवड्याचे चार बाजार. त्या गाडीवर घर चाललं, ह्या पोराचं शिक्षण झालं, आणि ते बूटही त्यातूनच आले. आता तो तालुक्याला बियाण्यांच्या कंपनीत कॉलर ताठ करून बसतो, म्हणून गावानं त्याचं नावच 'कॉलर' ठेवलंय.

"माझी गाडी आहे, मी ठरवणार," वहिनी म्हणाली.

"कागद बघ. नाव कुणाचं आहे?"

नाव पोराचंच होतं. दोस्त गेल्यावर गाडी पोराच्या नावावर करा, बाईमाणसाला कचेरीचे हेलपाटे कशाला, असं चार शहाण्यांनी सांगितलं होतं. त्यातला एक शहाणा मी.

वहिनी म्हणाली, "ठीक. विकायचीच असेल तर रीतीनं विकू. मी येते."

आमच्याकडे जनावर विका की अवजार, रीत एकच. विकणाऱ्यानं आधी सगळे दोष आपल्या तोंडानं सांगायचे. मग घेणाऱ्यानं गुण सांगायचे. दोन्ही झाल्याशिवाय भाव कुणी काढत नाही. एकानं लपवायचं आणि दुसऱ्यानं शोधायचं, ही भानगडच नाही. अशी सांगून विकलेली म्हैस कधी कुणी परत आणून बांधल्याचं मी पाहिलं नाही.

सोमवारी फळ्या काढून मागची सीट परत बसवली आणि आम्ही तिघं गेलो. शोरूम म्हणजे सगळी काच, आणि आत असा गारठा की माणसानं भाजीसारखं ताजं राहावं. एक टायवाला हसत हसत आला. वहिनी खुर्चीच्या टोकावर बसली आणि तिनं सुरुवात केली.

"दुसरा गिअर अडकतो. थोडं मागं घेऊन टाकावा लागतो. उजवं मागचं दार बाहेरून उघडत नाही. पावसात डावीकडून पाणी येतं. तळाला पत्रा मारलाय. तेल पिते, आठवड्याला बघावं लागतं. थंडीत पहिल्या झटक्याला सुरू होत नाही."

टायवाला भराभर लिहीत होता. त्याला हर्षवायू व्हायचा तेवढा राहिला होता. "आई, बास!" पोरगा दातओठ खात कुजबुजला.

"थांब. हँडब्रेक उतारावर धरत नाही, दगड लावावा लागतो. झालं. एवढेच दोष." वहिनीनं हात मांडीवर ठेवले. "आता तुम्ही गुण सांगा."

टायवाल्यानं यंत्रावर बोटं आपटली आणि एक आकडा सांगितला. त्या आकड्यात नव्या गाडीची चाकंसुद्धा आली नसती.

"भाव नंतर. आधी गुण."

"मावशी," तो हसला, "तुम्हीच एवढं सांगितलंत. ह्यात गुण कुठला? भंगार आहे. आम्ही घेतोय हेच उपकार समजा."

वहिनी पोराकडे वळली. "तू सांग. तू तर तिच्यातच मोठा झालास. एक तरी सांग."

पोरानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सही कुठं करायची?" त्यानं टायवाल्याला विचारलं.

मला त्या पोराच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. नाही काढला, आणि त्याचा पस्तावा मला अजून आहे.

नवी गाडी अंगणात आली. सीटवरचा प्लास्टिकचा कागदही पोरानं काढला नाही, मग मातीचे ट्रे तो आत कुठले ठेवू देतो! वहिनीनं टेंपो सांगून पाहिला. तो एका बाजाराला आला, दोन बाजारांना आला नाही. वरून उन्हाच्या झळा. शेडमध्ये मिरचीची रोपं ट्रेमध्येच वाढत चालली. रोप वेळेत जमिनीत गेलं नाही की मुळं आतल्या आत वेटोळी घेतात, बुडखा पिवळा पडतो, मग फुकट दिलं तरी कुणी नेत नाही. बाराव्या दिवशी वहिनीनं तीस ट्रे उकिरड्यावर उलटे केले. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "हात लावू नका."

त्याच आठवड्यात मी वेल्डिंगच्या कांड्या आणायला तालुक्याला गेलो. शोरूमच्या मागच्या आवारात जुन्या गाड्या उभ्या असतात. त्यात आपली गाडी! धुऊन पुसून, टायरला काळं फासून. काचेवर पाटी होती. 'एकाच घरात वापरलेली. इंजिन दमदार. चढाला जबरदस्त. मेहनतीनं सांभाळलेली. कोणताही दोष नाही.' खाली आकडा, आम्हाला दिला त्याच्या तिप्पट.

आम्हाला भंगार, आणि गिऱ्हाइकाला दमदार! मी येऊन वहिनीला पाटी शब्दन् शब्द सांगितली. ती ऐकत राहिली. "म्हणजे गुण माहीत होते त्याला," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती तिथं पोचली. मीही मागोमाग गेलो. गाडीशेजारी एक रिकामा क्रेट उलटा टाकून बसली. एक मास्तर आणि त्यांची बायको गाडी बघायला आले.

"गाडी चांगली आहे, मास्तर," वहिनी म्हणाली. "पण दोष सांगितले का कुणी?" आणि सगळे सांगितले. दगडासकट. मास्तरांच्या बायकोनं मास्तरांना दंडाला धरून बाहेर नेलं.

असे त्या दिवशी चार जण परत गेले. दुसऱ्या दिवशी सहा. जाणारे नव्या गाड्याही न बघता जाऊ लागले. टायवाला धावत आला. "मावशी, उठा इथून! पोलीस बोलवू का?"

"बोलव. मी खोटं काय बोलले ते त्यांच्यासमोर ठरवू. तुझ्या हातानं लिहिलेली यादी आहे ना? काढून ठेव."

"डोकं फिरलंय ह्या बाईचं," तो मला म्हणाला.

"तिचं जाग्यावर आहे," मी म्हटलं. "तुझं सांभाळ."

तिसऱ्या दिवशी दुपारी शोरूमचा मालक स्वतः बाहेर आला. टकलावर रुमाल फिरवत म्हणाला, "बाई, काय पाहिजे तुम्हाला?"

"गाडी. जेवढ्याला घेतली तेवढ्याला."

"आमचा खर्च झालाय हिच्यावर."

"टायर काळे केलेत, ते दिसतंय. बसते मग मी."

तेवढ्यात आवारात आणखी एक कुटुंब शिरलं. मालकानं त्यांच्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि शिवी गिळली. "घेऊन जा."

"असं कसं? तुम्ही विकणार, मी घेणार. आधी दोष सांगा."

यादी आणवली. मालकानं ती खाली मान घालून पुटपुटत वाचली. वहिनीनं त्याला दोनदा "मोठ्यानं" म्हटलं. आलेलं कुटुंब तोंडाला हात लावून ऐकत होतं.

मग वहिनी उठली. बॉनेटवर हात ठेवून बोलू लागली. "हिच्यात घालून आम्ही नवऱ्याला दवाखान्यात नेलं, रस्त्यात पाणी भरलं होतं, एकदाही बंद पडली नाही. तो वाचला नाही, ते हिच्यामुळं नाही. पोराच्या परीक्षेला सगळ्या गाड्या अडकल्या, ही पोचली. ओझ्याला कधी नाही म्हणाली नाही. मला चालवायला येत नव्हतं तेव्हा हिनं माझं सगळं सोसलं." तिनं पदराची गाठ सोडली. "आता घ्या पैसे."

हंगामातले उरलेसुरले पैसे तिनं मोजून बॉनेटवर ठेवले. मग कचेरीत गेलो. ह्या वेळी हेलपाटे मी घातले, न सांगता.

कागद हातात पडल्यावर गाडी घेऊन परतलो तेव्हा पोरगा अंगणात नवी गाडी पुसत होता. जुनी आत शिरताना बघून त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यानं कागद मागितला, वाचला आणि लाल झाला.

"शोरूमवाल्यांनी मला फोन केला होता. अख्ख्या तालुक्यात तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस." मग कागद हलवत म्हणाला, "आणि ही तुझ्या नावावर? घरात गाडी आणायची तर माझ्या नावावर करायला काय झालं होतं? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

मला वाटलं, आता पेटणार. जन्मभर ह्या दोघांची भांडणं ऐकली होती मी. पण वहिनीनं त्याच्याकडे नीट बघितलं. दमलेली होती. आवाज जराही चढला नाही.

"नाही," ती म्हणाली, आणि शेडमधून ट्रे आणायला गेली.

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी बोलावं, असं त्याला वाटत असावं. मी मागचं दार आतून उघडलं आणि सीट काढून फळ्या बसवायला लागलो.