उखळाची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं दगडी उखळ बोलतोय. जन्मभर मी मुसळाचा मार मुकाट्यानं खाल्ला, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण एका सकाळी मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या लेकासमोर खोटं पाडलं, आणि त्याची लाज माझ्या दगडी जिवाला अजून सोडत नाही. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

एका वडारानं मला काळ्या दगडातून घडवलं. मुळा नदीकाठच्या एका लहानशा गावात, टेकडीच्या पायथ्याशी शांतवनचं घर होतं. तिथं मला बसवलं. बसवलं म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं, नुसतं तोंड वर. शांतवनचं नुकतंच लग्न झालं होतं. हौसेनं त्यानं माझ्या काठावर छिन्नीनं एक छोटा क्रूस कोरला. त्याची बायको मरिया रोज माझ्यापुढे उभी राहून बाजरी कांडायची, मिरच्या कांडायची. टेकडी तिच्या पाठीला असायची आणि सकाळचं ऊन टेकडी ओलांडून अंगणात उशिरा यायचं. नाताळच्या आधी तर मला दम खायला फुरसत नसे. शेजारणी शेंगदाणे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, मरियाच्या उखळात कूट कसा एकसारखा होतो. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग नदीवर धरण झालं आणि गावाला उठावं लागलं. आमच्या वस्तीची एक रीत होती. बिऱ्हाड हलवताना जातं न्यायचं, दारं-चौकटी न्यायच्या, पण उखळ उपटायचं नाही. भिंती पडतील, माती वाहून जाईल, तरी उखळ सांगेल की इथं अमक्याचं घर होतं. शांतवननं जाताना माझ्या काठावर हात ठेवला आणि जागा सोडू नको म्हणाला. मीही मनातल्या मनात कबूल झालो.

पुढं पावसाळ्यात मी पाण्याखाली असायचो, आणि उन्हाळ्यात पाणी हटलं की उघडा पडायचो. अशी बरीच वर्षं गेली. पाणी हटल्यावर काठच्या गाळात कलिंगडं लावायला छगन येऊ लागला. टेकडीच्या पलीकडे पूर्वी पाटलांचा उकिरडा होता. तिथली माती कसदार, म्हणून छगननं झोपडी तिथंच घातली. कुत्र्या-कोंबड्यांना पाणी ठेवायला त्याला काहीतरी हवं होतं. त्यानं मला पहारीनं उचकटलं, बैल जुंपले आणि फरफटत तिकडं नेलं. रीतभात त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? पण मी मात्र दिलेला शब्द मोडून बसलो, आणि वर तोंडात कुत्र्याचं उष्टं पाणी!

१९९३च्या मे महिन्यात मरिया आली. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, सोबत राहुरीला शाळामास्तर झालेला लेक जॉन. आदल्या भाद्रपदात शांतवन वारला होता. ख्रिस्ती माणसाला पुरताना जो तो मूठभर माती टाकतो. आपल्या कबरीत एक मूठ तरी जुन्या घराची पडावी, अशी त्याची शेवटची इच्छा होती. पण तेव्हा धरण तुडुंब भरलेलं. आता वर्षाच्या प्रार्थनेला कबरीवर फरशी बसवायची होती, त्याआधी मरियाला ती माती हवी होती. एकदा फरशी बसली की संपलं.

क्रूस कोरलेलं उखळ कुठं दिसलं का, असं काठावर विचारत विचारत ती दोघं माझ्यापाशी पोहोचली. छगननं घाईघाईनं कुत्रं हाकललं. मरियाचं बोट क्रूसावर पडलं आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली. जॉननं छगनचे दोन्ही हात धरले. तुम्ही उखळ सांभाळलंत म्हणून आमचं घर सापडलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. छगन ओशाळून हसला. खरं सांगायची तीच वेळ होती. पण फुकटचं कौतुक पदरात पडलं आणि गड्याची दातखीळ बसली.

डोळे पुसून मरिया उभी राहिली. माझ्यापुढे कांडायला उभी राहायची तशीच, आणि तिनं चहूकडे पाहिलं.

“न्हाई रं जॉन,” ती म्हणाली. “टेकडी माझ्या पाठीला हुती. ऊन तिच्यावरनं यायचं. हितं ऊन पाठीला आन टेकडी समोर कशी?”

“आई, उखळ काय चालत आलंय? बावीस वर्षं झाली. तूच विसरलीस.”

मरियानं छगनकडं पाहिलं. छगन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मित्रांनो, मी आतल्या आत ओरडत होतो. बाई, तुझंच खरं आहे! तुझं घर टेकडीच्या पलीकडे आहे! पण माझं तोंड एवढं मोठं असून काय उपयोग?

“व्हय बाबा,” ती हळूच म्हणाली. “मीच इसरले आसंन.” मग माझ्या काठावर हात ठेवून ती नवऱ्याशी बोलावं तसं बोलली, “धनी, माफ करा. आपलं घर मला वळखू आलं न्हाई.”

तिनं पांढऱ्या रुमालात माती बांधली. पाटलांच्या उकिरड्याची माती! शांतवनच्या बापानं हाच उकिरडा जन्मभर उपसला होता. मी लाजेनं मेल्याहून मेल्यासारखा झालो.

ती दोघं गेल्यावर छगनची बायको मालनबाई कलिंगडं विकून परत आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि टोपली खाली ठेवली.

“म्हातारी खरं बोलत हुती,” ती म्हणाली, “आन तुमी उभ्या उभ्या तिला येड्यात काढलं?”

छगन दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बैल जुंपले, मला टेकडीच्या अलीकडे आणलं आणि माझ्या जुन्या खड्ड्यात नीट पुरलं. राहुरीला जाऊन मास्तरांना शोधायचं, असंही तो रोज म्हणायचा. आज कलिंगडं काढायची होती, उद्या आणखी काही निघायचं. तेवढ्यात पाऊस लागला, पाणी चढलं, घराची माती पुन्हा बुडाली, आणि कबरीवर फरशी बसायची ती बसली असणार.

मित्रांनो, जुनी वस्तू हलवण्याआधी कुणाला तरी विचारत जा. एखादं म्हातारं माणूस ‘इथं नव्हतं’ म्हणालं, तर त्याला विसरभोळं ठरवू नका. आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर ते माणूस समोर आहे तोवर बोला. तुम्हाला देवानं जीभ दिली आहे.

आता दर उन्हाळ्यात पाणी हटलं की मी माझ्या जागेवर उघडा होतो. टेकडी जिथं हवी तिथंच असते, ऊनही उशिरा येतं. मी वाट बघतो. मरिया काही येत नाही. ती कशाला येईल? तिच्या लेखी तिचं घर सापडलेलं आहे.