शेठचा माल

आमची आई, यमुनाबाई, तीस वर्षं मार्केट यार्डात एका गाळ्यावर तूरडाळ निवडायला जायची. डाळीत परका दाणा सापडला की शेठ सगळ्यांदेखत ओरडायचा. आता ती बिबवेवाडीत माझ्याकडे असते. मला, तिच्या दीपमालाला, ओळखत नाही. निवडणं मात्र विसरलेली नाही.

तिच्या पाठीवर जखम झालीय, ती भरत नाही. वजन चौतीस किलो. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ उत्कर्षा मॅडमनी रंगीत तक्ता दिला. भाताच्या प्रथिनांत जे कमी, ते डाळीत असतं. डाळीत जे कमी, ते भातात. एकाच घासात हवं असं नाही, पण दिवसभरात दोन्ही पोटात जायला हवं, नाहीतर जखम भरायची नाही. "सोप्पंय हो, खिचडी द्या." सोप्पंय! एकदा घरी येऊन भरवून दाखवा म्हणावं.

अंडं आईने जन्मात खाल्लं नाही, दूध-दही सोसत नाही. राहिली खिचडी. ताट पुढे आलं की ती मान खाली घालून निवडत बसते. तासाभराने एकीकडे डाळीची ढिगली, एकीकडे भात. गार भाताचे चार घास खाते. डाळीला शिवत नाही.

"आई, डाळ खा ना गं."

"शेठचा माल हाय त्यो. एक दाना तोंडात टाकला न्हाई म्या कधी."

भरवायला गेले की ओठ घट्ट मिटते. मी चिडले, ओरडले, शेवटी पाया पडले.

काल मी शहाणपणा केला. खिचडी मिक्सरमधून काढली. आता निवड म्हटलं काय निवडायचं ते! आईने ताटात बोटं फिरवली, चिमूट उजेडाकडे धरून पाहिली.

"बाई, माल खराब झाला माझ्या हातनं. शेठला सांगू नगा."

मी संधी सोडली नाही. म्हटलं, "शेठनी हा माल तुम्हालाच दिलाय, यमुनाबाई. खा."

"मला? समदा?"

"सगळा."

किती दिवसांनी हसली. मग घाईघाईने सगळी खिचडी पदरात ओतली आणि गच्च गाठ मारली.

"माझी दीपमाला उपाशी हाय घरी," म्हणाली. "तिला नेते."

मी समोरच बसले होते.