सिद्धेश्वराची होडी

नातेपुत्याची गाडी लागायला अजून तीन तास होते, आणि ते तीन तास सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर बोचक्यावर बसून काढायचे, असं ईश्वरप्पांनी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे बायकोला विचारलं नव्हतं.

"हितंच बस," ते म्हणाले. "सोलापूर म्हंजी आपलं गाव न्हवं. चुकलीस तर पोलिसालाबी घावायची न्हाईस."

काशम्मा बसली. नातेपुत्याला लेकीच्या बाळाचं बारसं उद्या होतं, त्यासाठी शिवलेलं कुंची-अंगडं तिनं पुन्हा एकदा चाचपलं. मग उठली.

तिचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं. लग्न झाल्यापासून तिचा नवरा दर सोमवारी शेंगांची पोती घेऊन सोलापूरच्या अडत्याकडं येत होता, आणि ती येत नव्हती. मला एकदा सिद्धेश्वर दावा, एवढंच तिचं मागणं. पण कधी सुगी आली, कधी बाळंतपण आलं, मध्ये बहात्तरचा दुष्काळ आला. तो सरला तेव्हा दुष्काळ सरल्यामुळं अडलेली कामं आली. दरम्यान ईश्वरप्पा गावात सोलापूरचे जाणकार म्हणून मान्यता पावले. गावातली बाकीची माणसं सोलापूरला यायची ती कोर्टात नाहीतर मोठ्या दवाखान्यात, आणि दोन्हीकडून परतताना देवळाची चौकशी करण्याच्या मनःस्थितीत नसायची. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते तिला यावं, तर त्याच दिवशी गावच्या देवाची जत्रा. तेव्हा सिद्धेश्वराचं देऊळ तळ्याच्या मधोमध आहे, तिथं होडीतून जावं लागतं आणि होडी मध्यावर आली की डोलते, ही माहिती एकट्या ईश्वरप्पांकडं होती. गल्लीतल्या बायका दर सोमवारी त्यांच्या हाती नारळ द्यायच्या. संध्याकाळी ते त्यांना विभूती आणून द्यायचे.

"री," काशम्मा म्हणाली. त्यांच्या घरात नवऱ्याला अशीच हाक मारायची, नाव घ्यायचं नाही. "मी सिद्धेश्वराला जाऊन येते."

"आणि गाडी?"

"तीन तास हायत की."

"होडीला लई गर्दी असती."

"मी बी गर्दीत उभारते."

"पाण्याची भीती वाटंल तुला."

"मला? हिरीत उतरून कळशी कोण भरतं घरात? तुमी तर काठावर बसूनच आंगुळ करता."

ईश्वरप्पांनी शेवटचा इलाज काढला. "बोचकं कोण राखंल?"

काशम्मानं बोचकं उचलून डोक्यावर घेतलं. "त्येला बी दर्शन घडू द्या," म्हणाली आणि टांग्यांकडं चालू लागली. ईश्वरप्पा मागोमाग चढले. बायको एकटीच टांग्यातून गेली, हे कुणी ओळखीच्यानं पाहिलं असतं तर सोमवारी अडत्याच्या पेढीवर तेच चघळलं गेलं असतं.

वाटेत त्यांनी तिला गिरणीचं धुराडं दाखवलं. ते न दाखवताही दिसत होतं.

तळं आलं. मधोमध देऊळ होतं, अगदी ईश्वरप्पा सांगायचे तसं. काशम्मानं हात जोडले, मग काठ न्याहाळला.

"दादा, होडी कुटं लागती?"

टांगेवाला मागं वळला. "होडी? होडी कायकू, अम्मा? रस्ता है ना. वो देखो, बकरी बी चलते जारी."

खरंच, काठापासून देवळापर्यंत पाण्यातून चांगला बांधलेला रस्ता होता. फुलवाल्या बायका बसल्या होत्या, एकजण सायकल ढकलत चालला होता, आणि सगळ्यांच्या पुढं एक बकरी कुणाचीही मदत न घेता सिद्धेश्वराकडं निघाली होती.

"ह्यो रस्ता नवाच दिसतोय," काशम्मा म्हणाली. नवऱ्यासाठी तिनं एवढी एक फट ठेवली होती.

"नवा? मेरे दादा के बी पैले का है, अम्मा," टांगेवाल्यानं ती बुजवली.

टांगा निघून गेला. ईश्वरप्पा पायातल्या वहाणांकडं बघत उभे राहिले.

"पेढीवर क्यालेंडर हाय," अखेर ते म्हणाले. "त्यात देऊळ आणि चारी बाजूंनी पाणी. मला वाटलं होडीच असणार. आणि मला पाण्याची लई भीती. आज जाऊ, उद्या जाऊ..."

"आणि नारळ?"

"क्यालेंडरापुढं फोडले. शिवाशपथ! हमालांना परसाद वाटला. एक खाल्ला न्हाई."

"विभूती?"

"पेढीवरच्या देव्हाऱ्यातली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "गावात बोलू नगंस."

इथवर काशम्माला हसू येत होतं. ते इथं थांबलं.

"गावात न्हाई बोलत," ती म्हणाली. "तुमी देवाफुडं बोला."

गाभाऱ्यासमोर तिनं त्यांना बसवलं आणि शेजारी मांडी ठोकली.

"चंद्रव्वा. पोरगं म्याट्रिकला तिसऱ्यांदा बसलं व्हतं, तवाचा नारळ."

ईश्वरप्पा पुटपुटले.

"मोठ्यानं. तिला कमी ऐकू येतं."

"ती हाय कुटं हितं?"

"मागणं तिचं हाय न्हवं? मोठ्यानं."

ईश्वरप्पांनी मोठ्यानं सांगितलं. दर्शनाला आलेली दोन माणसं थबकली.

"गोजाबाई. मेंढरं आजारी."

"मेली की गं ती मेंढरं!"

"मग? क्यालेंडरानं एकट्यानं किती करायचं?"

पुजारी जवळ आले. "काय चाललंय, अम्मा?"

"निरोप पोचवायचे ऱ्हायलेत, अय्या. ह्यांच्या हाती दिले व्हते. रत्नम्मा, सुनेला मूल व्हावं म्हणून."

"काशम्मा, गाडी जाईल! बारसं हाय लेकीच्या घरी."

"बारसं उद्या हाय. रत्नम्माचा नातू साळंत जायला लागला, तरी तिचं मागणं अजून देवाकडं आलं न्हाई. बसा."

ईश्वरप्पा बसले. शिवबाईचा दमा, चनबसप्पाच्या आईचे डोळे, बनाबाईचा दारुडा जावई, असं वर्षानुवर्षांचं सगळं त्यांनी भर मंडपात खड्या आवाजात देवाच्या कानी घातलं. ऐकणारे वाढले. जावयाच्या वेळी एका म्हातारीनं "आमच्याबी" अशी भर घातली. कधीतरी मध्येच ईश्वरप्पांनी घड्याळ पाहिलं, आणि नंतर पाहायचं सोडून दिलं.

"सरले," काशम्मा म्हणाली.

"आणि तुझं?" घाम पुसत त्यांनी विचारलं. "तू कदी नारळ दिलाच न्हाईस."

"मी उपास धरत व्हते. दर सोमवारी, तुमी घरी येस्तवर."

"कशापाई?"

"तुमची होडी बुडू नये म्हणून."

 

काशम्मा उठली आणि देवापुढं एकटीच उभी राहिली. तिनं काय मागितलं ते ईश्वरप्पांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुष्कळ कान दिला होता.

बाहेर येऊन तिनं बोचकं त्यांच्या हातात दिलं.

"गाडी गेली," ते म्हणाले.

"दुसरी असंल की सांजंची. जावईबापूंना सांगू, देवाकडं तुमचं काम निघालं."

शेजारी काळ्या दगडाचा किल्ला दिसत होता. काशम्मा फुलवालीकडं वळली. "अव्वा, किल्ल्यात जायला दार कुटल्या अंगाला हाय?"

"त्ये मी सांगतो की..." ईश्वरप्पांनी सुरुवात केली.

"तुमी ऱ्हाऊ द्या," काशम्मा म्हणाली, आणि फुलवालीनं दाखवलेल्या वाटेनं चालू लागली. ईश्वरप्पा बोचकं सावरत तिच्या मागं निघाले.