मांडावरची जागा

इमारतीच्या प्रतिकृतीत उभा केलेला माणूस नऊ मिलिमीटर उंच असतो. पांढऱ्या प्लास्टिकचा, चेहरा नसलेला. खिडकीतून ऊन तिरपं आलं की त्याची सावली त्याच्याहून लांब होते, आणि टेबलावरचा सगळा कॅम्पस क्षणभर वस्तीचा वाटतो.

रामनगरच्या बाहेर, माझ्या गावापासून बसच्या वाटेवर, एका कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहणार होतं. प्रयोगशाळा, कार्यशाळा, डिझाइन करणाऱ्यांच्या खोल्या. आराखडा आमच्या बंगळूरच्या फर्मचा, आणि त्यातला ऊन-वाऱ्याचा हिशेब माझा. इमारतींच्या मधलं अंगण मीच सुचवलं होतं. गोल, कडेला बुटका दगडी कट्टा, जुना फणस होता तिथंच राखलेला, पूर्वेला मोकळं. दुपारची सावली आणि पश्चिमेचा पाऊस मांडून पाहिला तर आकडे हेच सांगत होते. निदान माझी तशी समजूत होती.

आये बाजाराला आली तेव्हा तिला साइट ऑफिसात घेऊन गेले. ती टेबलापर्यंत आली, थबकली, आणि परत दाराबाहेर जाऊन चपला काढून आली.

"अम्मा, चप्पल चालतंय इथं," महाबळेश्वर सर म्हणाले. ते आमचे मुख्य आर्किटेक्ट, शिरसीचे.

"तुमचं चालत आसंल. मांड हाय न्हवं ह्यो?"

आमच्या गावात मांड म्हणजे गावानं जमायची जागा. शिगम्याचा नाच तिथं, देवाला गाऱ्हाणं तिथं. पायात काही घालून तिथं कोणी चढत नाही, आणि प्रत्येक घराची बसायची जागा ठरलेली असते.

"मांड नव्हे अम्मा, प्लाझा."

"नाव काय बी ठेवा. फणस हाय, कट्टा हाय, उगवतीला वाट हाय." आये अंगणातल्या प्लास्टिकच्या माणसांवर वाकली. "आनी ही तिघं बघा, खुशाल चपला घालून हुभी!"

सरही वाकले. "सांगतो त्यांना," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

मी हसले नाही. ते अंगण मी वर्षभर वरून पाहिलं होतं, कागदावर, पडद्यावर. आता टेबलाच्या उंचीला डोळे नेले आणि फणसाच्या डावीकडची जागा दिसली. बा तिथं बसायचा.

बा गेल्यावर ती जागा चुलतभाऊ गणपतीनं मागितली होती. आयेला मुलगा नाही. पण तिनं बुदवंताला, आमच्या गावच्या प्रमुखाला, सांगितलं, माझी मयूरी बसंल. बाई मांडावर बसत नाही. तरी गावानं तिच्या शब्दाला मान दिला. तेव्हापासून दर शिगम्याला आये तिथं कांबळं अंथरते आणि सकाळी घडी करून घरी नेते. मी फोनवर म्हणते, बघू, यंदा जमलं तर.

"हितंच बा बसायचा. व्हय न्हवं?" आयेनं हात न लावता दाखवलं.

"व्हय."

"ही बिल्डिंग झाली की तू हितंच काम करशील. शिगम्याला बशीनं आलीस की झालं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बिल्डिंग झाली की आमच्यातलं कोणी तिथं राहत नाही. पुढचं काम कोइमतूरला होतं आणि ते मी मागून घेतलं होतं. "चहा सांगतो," म्हणून सर बाहेर गेले. दारातल्या आयेच्या चपलांना वळसा घालून गेले.

मला ती जागा हवी होती. इतकी, की नकळत परक्यांसाठी तीच आखून बसले होते. पण मांडावर बसणाऱ्यानं गावाच्या बऱ्यावाईटाला धावायचं असतं. कुणाच्या घरावर गवत चढवायला, कुणाला खांदा द्यायला. कांबळं ते करू शकत नाही. आमच्या घराच्या नावानं ते सगळं गणपतीच करत आला होता, आणि शिगम्याला मागं उभा राहत होता.

"आये, यंदा कांबळं हातरू नगंस."

"का? शिकल्याली बाई, तुला खुर्ची पायजे व्हय?"

ती हसत होती.

"मी येनार न्हाई, आये. यंदा बी न्हाई, फुडं बी न्हाई. बुदवंताला सांग, आमची जागा गणपतीला द्या."