पाच तासांचा रस्ता

शाळा तिसरीत सुटलेली, पण आकडे वाचता यायचे, आणि तेवढ्या भांडवलावर ती अख्ख्या गल्लीला गप्प करायची. चार वर्षांपूर्वी मुलगा परदेशी निघाला, तेव्हा तिकीट तिने स्वतः डोळ्यांशी धरून वाचलं. विमान सुटणार दहाला, पोचणार तीनला. म्हणजे पाच तास. पोचल्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला, तर म्हणाली, "उतरल्या उतरल्या पसरला असेल, कुंभकर्ण मेला!"

तेव्हापासून एकच पालुपद. "पाच तासांवर बसलाय आणि आईबापाचं तोंड बघायला येत नाही."

"आई, लांब आहे गं," तो फोनवर म्हणायचा.

"लांब? तुझी आत्या बसमध्ये आठ तास हाडं खिळखिळी करून घेते, तरी दर महिन्याला टपकते!"

नवरा घड्याळजी. त्याच्या टेबलावरचं एक घड्याळ ही चारही वर्षं नऊ तास मागे चालत होतं. "लोकांची दुरुस्त करता आणि घरचं हे असं!" ती टोचायची.

"राहू दे गं. बरोबर चाललंय ते."

आता त्याच टेबलाशेजारी त्याची खाट होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. पहाटे पाचला मुलाचा फोन आला, विमानात बसलो म्हणून.

"ऐकलंत का अहो? दहाला दारात उभा राहतोय. तेवढा दम धरा."

उशाशी बसलेली लेक म्हणाली, "आई, पाच तास नाही गं ते…" बापाने पांघरुणातून एक बोट वर केलं. ती थांबली.

साडेनऊला त्याने विचारलं, "किती राहिलं?"

"अर्धा तास."

"मग आलाच की," तो म्हणाला आणि डोळे मिटून हसला.

साडेदहाला ती दारापर्यंत जाऊन आली. "येऊ दे, सोलूनच काढते! अहो, तुम्ही मध्ये पडायचं नाही हं." आत पाहिलं तर लेकीने बापाचा निष्प्राण हात छातीशी धरला होता.

मग लेक बोलली. चौदा तास लागतात. तिकिटावरचे तीन तिकडच्या घड्याळातले. "बाबांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाले, तिचा मुलगा पाच तासांवरच असू दे."

तिने टेबलाकडे पाहिलं. त्या घड्याळात दीड वाजला होता.

मुलगा आला तेव्हा दिवे लागले होते. खाटेजवळ तो किती वेळ बसला, कुणी मोजलं नाही. मग शेजारीण कुजबुजली, "पाच तासांचाच ना रस्ता? सकाळीच यायला हवा होता."

"चौदा तासांचा आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी चुकीचं वाचलं."

तिच्या तोंडून असलं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं. ती मुलाच्या पायांशी खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"एवढं बसून पाय सुजले असतील रे," ती म्हणाली.