अस्सलशेठचा घोडा

बाजारात त्याला सगळे अस्सलशेठ म्हणत. तोंडावर म्हणत, मागेही म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण म्हणणाऱ्यांची अक्कल त्याने केव्हाच जोखली होती. जुन्या वस्तूंच्या धंद्यात हयात गेली आणि त्यात त्याला माणसाची एकच जात दिसली: ज्यांना काही कळत नाही ती. तिच्यात पोटजाती दोन. आपल्याला कळत नाही हे ज्यांना ठाऊक असतं, ते दारातूनच परत जातात. बाकीचे आत येतात, आणि त्यांच्यावर त्याचं घर चालायचं.

दुकानाचा सगळा कारभार दोन बोलांवर होता. सुताराकडून बनवून घेतलेली, चहाच्या पाण्यात मुरवलेली, साखळीने बदडून म्हातारी केलेली वस्तू असली, की शेठ तिच्यावर तळहात ठेवायचा, डोळे अर्धवट मिटायचा आणि म्हणायचा, "अस्सल आहे." वस्तू खरोखरच जुनी असली तर तिच्याकडे तो बघायचाही नाही. गिऱ्हाइकाने विचारलंच तर खांदे उडवून म्हणायचा, "आहे हे असं आहे." गल्ल्यावर बसलेल्या बायकोला आणि तिथेच खाली बसून अभ्यास करणाऱ्या लेकीला तेवढं पुरे व्हायचं. 'अस्सल' ऐकलं की भाव हवा तसा खाली येऊ द्यायचा. 'आहे हे असं आहे' ऐकलं की गिऱ्हाईक पाया पडलं तरी हलायचं नाही. लेक पाढे शिकायच्या आधी हे शिकली होती.

आता दुकान जाणार होतं. इमारतीच्या मालकाला तिथे व्यायामशाळा काढायची होती. माणसं पैसे देऊन लोखंड उचलणार आणि जिथून उचललं तिथेच ठेवणार, आणि त्यासाठी आपण खुर्च्यांचा पसारा आवरायचा, हे ऐकून शेठ इतका हसला की मालक खट्टू होऊन निघून गेला. पण हसून जागा मिळत नाही. माल घरातल्या मागच्या खोलीत आणायचा आणि इंटरनेटवर विकायचा, असं बायकोने ठरवलं. कुठल्या साइटवर विकायचा, तेवढं त्याच्यावर सोडलं.

"लेकीला विचारू का?" बायको म्हणाली. "ती जुनंपानं सगळं फोनवरच विकते."

"तिला कशाला? नवऱ्याला टाइल्स विकायला मदत करतेय, करू दे."

जावई टाइल्सवाला होता. शेठच्या लेखी तो माणूस म्हणजे वास्तुकलेवर उठलेलं गळू होता. त्याने आपल्या घरातल्या पुढच्या खोलीतही पिवळ्या फुलांच्या टाइल्स लावल्या होत्या, आणि शेठने पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, "इथे बसायचं की आंघोळ करायची?" जावई हसला होता. लेक हसली नव्हती.

लग्न झालं तेव्हापासून लेक परकीच झाली होती. यायची ती पाहुण्यासारखी, खुर्चीच्या कडेवर टेकायची, घड्याळ बघायची, उठायची. आईशी फोनवर तासन् तास बोलायची आणि शेवटी विचारायची, "बाबा बरे आहेत ना?" पोस्टमनची चौकशी करावी तसं. हे सगळं त्या टाइल्सवाल्याने फूस लावून केलं, अशी शेठची पक्की खात्री होती. लेकीची आठवण येते असं तो मेला तरी कबूल करणार नव्हता, पण यायची, आणि दुकान रिकामं असलं की फार यायची. दुकानाच्या मागच्या बाजूला, खिडकीखाली, जिथे पूर्वी लाकडी घोडा असायचा, तिथे त्याने दुसरं काही ठेवू दिलं नव्हतं.

तो घोडा खरा होता. डाव्या कानाचा शेंडा लेकीने दात येताना चावून खाल्ला होता, आणि शेठने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे ती त्याच्यावर बसून वाढली. एका हॉटेलवाल्याची त्या घोड्यावर नजर गेली तेव्हा शेठने सुताराकडून दुसरा घोडा करून घेतला, चावलेल्या कानासकट, हुबेहूब. दोन्ही घोडे शेजारी शेजारी उभे राहिले तर बायकोलाही कुठला कोणता ते सांगता यायचं नाही. हॉटेलवाला भावावर घासाघीस करत राहिला, आणि तेवढ्यात लेकीचं लग्न आलं. शेठने खरा घोडा तिला दिला. निरोपाच्या वेळी तिच्या कानात काहीतरी पुटपुटलाही. काय, ते त्याला आता आठवत नव्हतं; काहीतरी चांगलंच असणार. नकली घोडा मग हॉटेलवाल्याच्या गळ्यात बांधला.

तर आता साइटी. बायकोने दुपारी जेवणानंतर फोन समोर धरला आणि एकेक दाखवायला सुरुवात केली.

पहिली लिलावाची. वस्तूखाली घड्याळ उलटं पळत होतं आणि लोक शेवटच्या क्षणी एकमेकांच्या उरावर बसत होते. "ही माणसं वस्तू घेत नाहीत," शेठ म्हणाला, "एकमेकांची जिरवतात. पुढे."

दुसरी उच्चभ्रूंची. पांढरे हातमोजे घातलेला एक हात चिनीमातीची बरणी धरून होता. म्हणे, तज्ज्ञांची समिती वस्तू तपासते. शेठला हे आवडलं. तज्ज्ञांबद्दल त्याला आदर होता असं नाही, पण निदान मूर्खांनी हातमोजे घातलेले बरे. त्याने आपली सगळ्यात चांगली वस्तू, एक खरी जुनी आरामखुर्ची, नोंदवायला सांगितली.

"वर्णन काय लिहू?" बायकोने विचारलं.

"आहे हे असं आहे."

बायकोने मुकाट्याने तेच लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं: वर्णन अपुरे आहे. वस्तू अस्सल असल्याचे कृपया स्पष्ट शब्दांत नमूद करावे.

"लिहा की मग," बायको म्हणाली. "एक शब्द तर आहे. जन्मभर तेच म्हणत आलात."

"खऱ्या खुर्चीला अस्सल म्हणू? उद्या मला म्हणशील, आईला सावत्र म्हणा." तो खरोखरच चिडला. तज्ज्ञ म्हणे! त्या शब्दाशिवाय ज्यांना खुर्ची दिसत नाही, त्यांनी हातमोज्यांऐवजी चष्मे घ्यावेत. त्याने फोन पालथा घातला.

"मग ही शेवटची," बायको फोन उचलून म्हणाली. "इथे कुणी काहीही विकतं. कुणी काही विचारत नाही."

तो खुला बाजार होता. गाद्या, सायकली, एका चपलेचे दोन फोटो. या उकिरड्यावर मी पाऊल ठेवणार नाही, असं शेठने जाहीर केलं आणि नंतर बराच वेळ तोच उकिरडा उपसत बसला. दुसऱ्याच्या मूर्खपणाइतकी करमणूक त्याला कशातच नव्हती. हळूहळू तर ओळखीचा माल दिसायला लागला. नात्यातल्या प्रत्येक लग्नात त्याने दुकानातला न खपणारा माल आहेर म्हणून खपवला होता, आणि तो सगळा इथे उतरला होता. साडूला दिलेला पितळी दिवा. चुलत बहिणीला दिलेला आरसा. प्रत्येकाखाली त्याचाच शब्द: अस्सल आहे.

"बघ, बघ," तो हसून हसून लाल झाला. "गाढवांनी विश्वास ठेवला!"

मग एक घोडा आला. फोटो वाकडा काढलेला. खाली लिहिलं होतं: *लाकडी घोडा, मुलांच्या खोलीसाठी. एक कान तुटका. नवीनच बनवलेला आहे, पण जुन्यासारखा दिसतो. स्वतः येऊन न्यावा लागेल.*

"हा बघ आणखी एक शहाणा! वस्तू विकतोय आणि स्वतःच सांगतोय नवी म्हणून." असं म्हणत त्याने फोटो मोठा केला, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. घोड्याच्या पायाखाली पिवळ्या फुलांच्या टाइल्स होत्या.

बायकोने वाकून पाहिलं. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

"तिने घोडा विकायला काढला." शेठचा आवाज बारीक झाला होता. "आणि नवा म्हणते. नवा!"

"फोन लावून विचारा ना."

"मी? मी काय म्हणून? तू लिही. गिऱ्हाईक म्हणून लिही."

पण खातं उघडल्याशिवाय निरोप पाठवता येत नव्हता. तेव्हा ज्या बाजारात पाऊल ठेवणार नव्हता, तिथे त्याचं खातं उघडलं गेलं. नाव काय टाकायचं, तर बायकोने नुसतंच 'ग्राहक' टाकलं. शेठने फोन तिच्या हातून घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं: *घोडा अस्सल आहे का?*

उत्तर लगेच आलं. *नाही. वर लिहिलंय. एक दातांचे डॉक्टर न्यायला येत आहेत, निघालेत. ते आले नाहीत तर तुम्हाला कळवते.*

*नवा आहे हे तुम्हाला कसं माहीत?*

या वेळी थोडा वेळ लागला. *माझे वडील जुन्या वस्तू विकतात. लग्नात त्यांनीच दिला. माझ्या लहानपणीचा घोडा होता, त्याची नक्कल आहे ही. देताना म्हणाले, अस्सल आहे, जपून ठेव.* आणि त्याखाली लगेच आणखी एक ओळ: *मी त्यांच्या दुकानात वाढलेय. ते अस्सल कशाला म्हणतात, ते मला कळतं.*

 आता त्याला आठवलं. मांडवातून बाहेर पडताना तिचे डोळे भरले होते, त्याचेही, आणि त्याला लेकीला काहीतरी मोठं, चांगलं बोलायचं होतं. जन्मभर चांगलं म्हणून त्याने एकच शब्द वापरला होता. तोच तोंडातून गेला. आणि पोरीने तो ऐकला, हसली, आणि घोड्याकडे पुन्हा निरखून बघितलंही नाही. बघितलं असतं तर ओळखलाच असता, तिच्या दातांचा कान होता तो. पण शब्द ऐकल्यावर बघायचं काय राहिलं? बापाने खरा घोडा हॉटेलवाल्याला विकला आणि आपल्याला नक्कल बांधून दिली, तीही डोळ्यांत पाणी आणून, हे ओझं तिने तसंच सासरी नेलं होतं. टाइल्सवाला बिचारा फुकट शिव्या खात होता.

"घोडं इथे पेंड खात होतं तर," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. "आता सांगा तिला."

"काय सांगू? खरा आहे म्हणू? कोण विश्वास ठेवेल?"

त्याने लिहिलं, 'घोडा खरा आहे', आणि पुसलं. लिहिलं, 'अतिशय जुना', आणि पुसलं. एकेक शब्द त्याने दुकानात असा वापरून ठेवला होता की लेकीपुढे ठेवायला धड एक उरला नव्हता. त्याला स्वतःची अशी किळस आजवर कधी आली नव्हती. तिकडे तो दातांचा डॉक्टर रस्त्यात होता, आणि त्याच्या दवाखान्यात रडकी पोरं घोड्याला लाथा घालणार होती.

मग त्याचं बोट आपोआप चाललं. *आहे हे असं आहे,* त्याने लिहिलं आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. निरोप वाचल्याची खूण उमटली, पुढे काही नाही. बायको उठून पाणी घेऊन आली. त्याने प्यायलं नाही. आणि मग त्याच्या हातातच फोन वाजला. लेकीचा होता.

"आई, बाबांना दे."

"मीच आहे," शेठ म्हणाला.

 ती म्हणाली, "बाबा, मग त्या दिवशी अस्सल का म्हणालात?"

 त्याने आधी बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे. "तुझं लग्न होतं गं," तो म्हणाला. "चांगलं काहीतरी म्हणायचं होतं मला."

 तिकडे दारावरची बेल वाजली. फोन तसाच चालू राहिला. पावलं वाजली, दार उघडलं, कुणीतरी पुरुष मोठ्या आवाजात घोड्याची चौकशी करू लागला. "माफ करा, डॉक्टर," लेकीचा आवाज आला. "घोडा द्यायचा नाहीये."

"अहो, पण मी गाडी घेऊन आलोय! आणि नवाच आहे म्हणालात ना? की अस्सल बिस्सल निघाला?"

शेठने श्वास रोखून फोन कानाला दाबला. लेक रडत होती की हसत होती, ते त्याला कळेना, पण खांदे उडवल्याचं मात्र त्याला इथून दिसलं.

"आहे हे असं आहे," ती म्हणाली.